'इनिट'वर बंदी आणि आपल्या टाळ्या

आमच्या इथल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात परत ती जुनी बातमी फिरली. २०२१ ची आहे. दक्षिण लंडनमध्ये कॅम्बरवेलच्या एका शाळेने वर्गात चालणार नाहीत अशा शब्दांची यादी काढली होती, ती. वाक्याची सुरुवात 'बेसिकली', 'लाइक', 'यू नो' ने करायची नाही, 'ओ माय डेज' नको, 'बेअर' (म्हणजे भरपूर) नको, 'दॅट्स लाँग' (म्हणजे कटकटीचं काम) नको, 'ही कट हिज आइज ॲट मी' तर नकोच नको. आणि खाली आपल्या लोकांचे अंगठे आणि टाळ्या. "आमच्या शाळेत पण पाहिजे हे", "आमचा तर घरी पण इनिट-इनिट करतो, डोकं उठतं" (इनिट म्हणजे 'इझन्ट इट' चं आखूड रूप, आपलं 'हो ना?'). एकाने लिहिलं, घरदार सोडून एवढ्या लांब आलो ते काय पोरांनी रस्त्यावरचं इंग्लिश शिकावं म्हणून? मी तेव्हा बसमध्ये होते आणि अंगठ्याने एवढं टाइप होत नाही म्हणून गप्प बसले, आता लिहिते. मला ही बंदी चुकीची वाटते, आणि तिच्यावर ज्या पद्धतीने वाद चाललाय तो तर त्याहून भंकस वाटतो. एकीकडे म्हणतात स्लँग म्हणजे भाषेची घाण, दुसरीकडे पेपरात लिहिणारे म्हणतात भाषा ही वाहती नदी आहे, तिला बांध घालू नका. असेल नदी. पण काठावरच्या पोराने इंटरव्ह्यूला काय घालून जायचं हे नदी सांगत नाही. माझं म्हणणं साधं आहे: शब्द हलका नसतो, बोलणाऱ्याला आपण हलका धरलेला असतो आणि त्याचं खापर शब्दावर फोडतो. कुठे काय बोलायचं हे शाळेने शिकवलंच पाहिजे, पण अशी यादी ते शिकवत नाही, ती फक्त लाज शिकवते.

हे मी कुठून बोलतेय ते सांगते. मी नॉटिंगहॅममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. येताना इंग्लिशची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झालेली, त्यामुळे भाषेचं काही टेन्शनच नव्हतं. पहिल्याच महिन्यात एक आजोबा आले, रिटायर झालेले खाणकामगार, गुडघा बदललेला. मी विचारलं कुठे दुखतंय, तर म्हणाले "इट्स गिविंग मी सम जिप, डक". डक म्हणजे मी. इथे सगळेच एकमेकांना डक म्हणतात, बस ड्रायव्हरपासून सर्जनपर्यंत, आपल्याकडे भाजीवाली 'ताई' म्हणते तसं. जिप म्हणजे ठणका. मग म्हणाले खिडकी लाव, मी जरा 'नेश' आहे, तर मी फाइलवरचं आडनाव परत बघितलं. नेश म्हणजे ज्याला थंडी सोसत नाही असा. नंतर कळलं की हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे, जुन्या इंग्लिशपासून चालत आलाय, म्हणजे आपण ज्याला शुद्ध इंग्लिश म्हणतो त्यातल्या निम्म्याअधिक शब्दांहून थोरला. माझ्या परीक्षेत तो नव्हता. परीक्षेत होतं ते इंग्लिश माझ्या वॉर्डात फक्त नोटीस बोर्डावर होतं.

तेच आजोबा चार दिवसांनी वैतागून म्हणाले, अजून एक आठवडा इथे ठेवलं तर मी 'डूलॅली' होईन. आता मी नाशिक रोडची. देवळाली कॅम्प आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ब्रिटिश काळात नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथे येऊन घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून राहायचे, जहाजं थंडीच्या मोसमातच सुटायची, ज्यांची वेळ भलत्या महिन्यात संपली ते तसेच महिनोन् महिने उकाड्यात, कामधंदा नाही, दारू आणि मलेरिया. डोकं फिरायचं. त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप', आणि तो टॅप म्हणजे पाण्याचा नळ नाही, आपला ताप. मी त्यांना म्हटलं आजोबा, तुम्ही माझ्या गावाचं नाव घेताय. त्यांचा विश्वास बसेना, त्यांना वाटायचं आयरिश शब्द असेल. हा शब्द ना कुठल्या शाळेने शिकवला ना कुठल्या व्हॉइसरॉयने आणला, तो आणला साध्या शिपायांनी. त्या वेळी कुणी यादी केली असती तर हा तिच्यात वरच्या नंबरला असता की नाही?

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते, उगाच सोयीचं तेवढंच कशाला घ्यायचं. एक, परीक्षेचा पेपर आणि नोकरीचा इंटरव्ह्यू शुद्ध इंग्लिशमध्येच होतो आणि ज्या घरात ते बोललं जात नाही त्या पोराला ते फक्त शाळेतच मिळू शकतं. श्रीमंताच्या मुलाला यादी असली काय आणि नसली काय, त्याला जेवणाच्या टेबलावर सगळं मिळतं. म्हणून शिस्तीचा फायदा झाला तर गरिबालाच होईल हा मुद्दा वजनदार आहे, आणि नदीवाले तो नेहमी टाळतात, त्यांची स्वतःची मुलं दोन्ही भाषा घरीच शिकलेली असतात. दोन, शाळेचं म्हणणं होतं की ही बंदी फक्त औपचारिक कामापुरती आहे, मैदानावर काय वाटेल ते बोला. तीन, दर वाक्यात 'लाइक' आणि 'बेसिकली' आला की ऐकणाऱ्याचा जीव जातो, आणि कधीकधी बोलणाऱ्याला पण कळत नाही आपण काय म्हणतोय. माझ्या मुलाने इतिहासाच्या निबंधात 'देअर वॉज बेअर सोल्जर्स' लिहिलं होतं, म्हणजे भरपूर सैनिक होते. बाईंनी लाल रेघ मारली. बरोबरच केलं. मी पण मारली असती.

पण लाल रेघ आणि यादी यात फरक आहे. रेघ सांगते हे इथे चालत नाही. यादी सांगते हे वाईट आहे. आणि ही यादी कशी बनलीय ते जरा नीट बघा, तिच्यात 'बिकॉज' पण आहे! उत्तराची सुरुवात 'बिकॉज' ने करायची नाही. म्हणजे अडखळायचे शब्द, देवाचं नाव घेणारे उद्गार, कॅरिबियन घरातून आलेले वाक्प्रचार आणि एक बिचारं कारण सांगणारं अव्यय, सगळं एकाच पोत्यात. 'कट-आय' चंच घ्या. एखाद्याकडे रोखून बघायचं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची आणि मग डोळे मिटून तोंड फिरवायचं, ही तिरस्कार दाखवायची आख्खी पद्धत आहे. रिकफर्ड नावाच्या भाषाशास्त्रज्ञ नवराबायकोने १९७६ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि दाखवून दिलं की याची मुळं आफ्रिकेत आहेत, गुलामांच्या जहाजातून हे पलीकडे गेलं. तिथून स्थलांतर करून आलेल्यांबरोबर ते लंडनला आलं. शुद्ध इंग्लिशमध्ये याला एक शब्द नाही. 'ही लुक्ड ॲट मी इन अ होस्टाइल मॅनर' म्हणा हवं तर, पण मग ती मान फिरवणं कुठे गेलं? आपल्याकडे डोळे वटारणं वेगळं आणि नाक मुरडणं वेगळं, दोन्हीला मिळून 'रागाने बघितलं' म्हण असं मराठीच्या बाईंनी सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं?

आणि ज्या इनिटने ग्रुपवर सगळ्यांचं डोकं उठतं ते. कॅम्बरवेलच्या आधी, २०१३ मध्ये, दक्षिण लंडनमधल्याच दुसऱ्या एका शाळेने इनिट, एन्ट (म्हणजे 'इझन्ट'), बेअर, 'वी वॉज' असे शब्द बंद केले होते. शुद्ध इंग्लिशमध्ये 'हो ना?' विचारायला केवढा खटाटोप बघा, ही कॅन असेल तर कान्ट ही, दे हॅव असेल तर हॅवन्ट दे, आणि आय ॲम असेल तर चक्क आरन्ट आय, ज्याला त्यांच्या स्वतःच्या व्याकरणात धड आधार नाही. आपण काय करतो? येतोस ना, गेले ना, जमेल ना. एक 'ना', सगळीकडे. फ्रेंच पण असंच एकच शेपूट लावतात. आपले लोक इंग्लिश बोलताना 'यू आर कमिंग टुमारो, इझन्ट इट?' म्हणतात ते याच सवयीने, आणि लंडनमध्ये इनिट असं सरसकट वापरायची सुरुवात झाली त्यात कॅरिबियन घरांबरोबर एशियन घरांचाही हात आहे. म्हणजे बंदी घातलेला शब्द निम्मा आपला, आणि टाळ्या पण आपल्याच. 

त्याच वर्षी उत्तर इंग्लंडमधल्या मिडल्सबरोच्या एका प्राथमिक शाळेने पालकांना पत्र पाठवलं की मुलांचे हे हे शब्द घरी पण सुधारा. त्यात एक होता 'यूज', म्हणजे यू चं अनेकवचन. इंग्लिशमधून 'दाउ', म्हणजे 'तू', गेला आणि तू कोण, तुम्ही कोण याचा पत्ताच गेला, ते भोक तिथल्या कामगार लोकांनी आपापल्या परीने बुजवलं. ज्यांच्या भाषेत तू, तुम्ही, आपण असे तीन मजले आहेत त्या आपल्याला तरी हे पटकन समजायला पाहिजे. आणि 'यू वर' च्या जागी 'यू वॉज'? अठराव्या शतकात शिकलेसवरलेले लोक एका माणसाला उद्देशून 'यू वॉज' असं बिनदिक्कत लिहायचे. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने व्याकरणाचं पुस्तक लिहून ती घोडचूक ठरवली, पुढे तो लंडनचा बिशप झाला, आणि तेव्हापासून ती जी चूक झाली ती झालीच. 'एन्ट' ची गंमत तर याहून मोठी, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शिकारीला जाणारे उमराव मजेत वापरत होते. उमरावाच्या तोंडात ऐट, गाडीवाल्याच्या तोंडात अडाणीपणा. शब्द तोच.

जोनाथन स्विफ्ट, केवढा मोठा लेखक, त्याने १७१० मध्ये तक्रार केली होती की 'मॉब' आणि 'बँटर' (म्हणजे थट्टामस्करी) हे शब्द थांबवायचा मी वर्षानुवर्षं प्रयत्न केला पण संख्येपुढे हरलो. आज 'मॉब' प्रत्येक वर्तमानपत्रात आहे, आणि 'बँटर' हा तर ब्रिटिश स्वभावाचा अलंकार म्हणून मिरवतात. स्विफ्टचं वाचून हसायला येतं, पण मग आपण बेअर आणि लाँगबद्दल काय वेगळं बोलतोय? नदीवाले इथे लगेच म्हणतील, बघा, सगळे शब्द शेवटी टिकतात. तसंही नाही. बहुतेक स्लँग दहा वर्षांत मरतं. मुद्दा टिकण्याचा नाहीये, मुद्दा हा की कुठला शब्द नीच आणि कुठला सभ्य हे शब्दाच्या अंगावर कुठे लिहिलेलं नसतं.

याचा सगळ्यात भारी पुरावा मराठी माणसाला घरातच सापडतो. 'ती फुलराणी' कुणाला माहीत नाही? १९७५ साली पुलंनी ती शॉच्या 'पिग्मॅलियन' वरून आणली. शॉचं मूळ नाटक १९१४ ला लंडनमध्ये लागलं तेव्हा गाजला तो 'ब्लडी' हा एक शब्द, स्टेजवर बाईच्या तोंडी, केवढा गहजब. पण लोक त्या सीनमधली खरी मेख विसरतात. फूलवाली एलायझा उच्चार घासूनपुसून सभ्य लोकांच्या चहाला आलीय, उच्चार चोख पण बोलणं सगळं गल्लीतलं, आणि जाता जाता ती तो शब्द टाकून जाते. तिथे बसलेली खानदानी घरातली मुलगी काय करते? तिला वाटतं ही नवी फॅशन आहे, आणि निघताना ती स्वतःच तो शब्द वापरून बघते! एलायझा फुटपाथवर असती तर हाच शब्द शिवी होता. कपडे बदलले, शब्दाची जात बदलली. शंभर वर्षं झाली आणि यादी करणारे अजून शब्दाचीच झडती घेतायत.

एक आक्षेप राहिला, जो ग्रुपवर कुणी उघड लिहिला नाही पण असतो सगळ्यांच्या मनात. ही गँगवाल्यांची भाषा आहे. २०११ च्या इंग्लंडमधल्या दंगलीनंतर डेव्हिड स्टार्की या इतिहासकाराने बीबीसीवर बसून जवळजवळ हेच सांगितलं, गोरी पोरं 'काळी' झाली आणि त्याला ही जमैकन बोली पण जबाबदार आहे. पेपरवाल्यांनी तिला आधीच 'जफेकन' असं कुचकं नाव पाडलं होतं, म्हणजे नकली जमैकन. आता गँगमधली पोरं असं बोलतात हे खोटं नाही. पण मुंबईचे खंडणीवाले पण मराठी बोलतातच की, म्हणून काय आपण मराठी सोडायची? पॉल करस्विल आणि जेनी चेशायर या भाषाशास्त्रज्ञांनी २००४ पासून काही वर्षं लंडनमधल्या हॅकनेच्या पोरांचं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं, तर ते जमैकनची नक्कल वगैरे काही नव्हतं. बांगलादेशी, नायजेरियन, कॅरिबियन, तुर्की, गोरी, सगळ्या घरची मुलं एकत्र वाढली आणि त्यातून लंडनचीच एक नवी बोली तयार झाली, कुणा एका वंशाची नाही. तिच्यात 'मॅन' हा शब्द 'मी' या अर्थाने येतो, 'मॅन्स टायर्ड' म्हणजे मी दमलोय. चमत्कारिक वाटतं? मग आपली आई भांडी आपटत म्हणते "माणसाने करायचं तरी किती!" तो माणूस कोण असतो?

आपला दुटप्पीपणा तर विचारू नका. लूट, ठग, बंगला, पक्का हे शब्द इंग्लिशने घेतले म्हणून आपण छाती फुगवून सांगतो. 'कुशी जॉब' मधलं कुशी आपल्या खुशीतून आलं, 'हॅव अ डेको' म्हणजे देखो. तेव्हा बरं वाटतं. पण ते काय दरबारातून गेले? कितीतरी टॉमी लोकांच्या, म्हणजे साध्या गोऱ्या शिपायांच्या, तोंडातून, बराकीतून, बाजारातून. आणि सगळेच काही मानाने गेले नाहीत. रोमानी लोक, ज्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोचले. त्यांच्याकडून इंग्लिशला 'पॅल' मिळाला, म्हणजे भाऊ, मित्र. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये चोरीला 'चोर' म्हणतात तो पण त्यांचाच. आणि बहुतेक जाणकारांच्या मते 'चॅव' हा शब्द रोमानीतल्या मुलासाठीच्या शब्दावरून आला, ज्याचं मूळ आणि आपल्या 'छावा' चं मूळ एकच. इथे गरीब घरातल्या, ट्रॅकसूट घालणाऱ्या पोराला चॅव म्हणून हिणवतात, तिकडे आपण छावा म्हटलं की अंगावर काटा येतो. दोघांची आजी एकच.

मला याचा राग का येतो ते पण सांगते. माझी आई खानदेशातली, घरात आम्ही शाळेला 'शाया' म्हणायचो, डोळ्याला 'डोया', आणि 'आनी-पानी' तर होतंच. इंग्लिश मीडियमला टाकलं तिथे मराठी बोललं की रुपया दंड, आणि एक पुठ्ठ्याचा बिल्ला असायचा, मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात, तो दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडेपर्यंत. नंतर इथे आल्यावर वाचलं की एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये हेच होतं, लाकडाची पट्टी, वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात, आणि दिवस संपताना ती ज्याच्या गळ्यात राहील त्याला छडी. वाचताना मला तो पुठ्ठ्याचा वास आठवला. पुढे पुण्यात कॉलेजला माझ्या 'शाये'वर एवढे हसले की मी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. त्या वर्षात माझं मराठी शुद्ध झालं का? झालं. पण मला येत असलेली उत्तरं पण मी दिली नाहीत, हा हिशोब कुणी ठेवत नाही. आणि आईशी फोनवर बोलताना मी मैत्रिणींपासून लांब जाऊन बोलायला लागले, त्याची अजून लाज वाटते, यावेळी खरी.

मग करायचं काय? ब्रिटनलाच हे १९७५ मध्ये माहीत होतं. सरकारने नेमलेल्या बुलक समितीने सरळ लिहिलं की शाळेचा उंबरा ओलांडताना कुठल्याही मुलाने घरची भाषा आणि संस्कृती काढून बाहेर ठेवावी अशी अपेक्षा करू नये. त्याच अहवालाला प्रमाण इंग्लिश नको होतं असं मुळीच नाही. दोन्ही शिकवा, दोन्हीतला फरक शिकवा. माझ्या मुलाच्या इंग्लिशच्या बाईंनी तेच केलं, त्या बेअरवर रेघ मारणाऱ्याच बाई. त्यांनी वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून दोन रकाने करायला लावले, डावीकडे तुम्ही मित्राला काय म्हणाल, उजवीकडे हेडमास्तरांना पत्रात काय लिहाल. 'अलाउ इट' च्या समोर काय लिहावं यावर आमचे चिरंजीव अर्धा तास अडले, मी म्हटलं अरे ते आपलं 'जाऊ दे' आहे, तर म्हणाला एक्झॅक्टली, पण इंग्लिशमध्ये काय?

मग 'दॅट्स लाँग' आलं. त्याने समोर 'टीडिअस' लिहिलं, आणि खोडलं. म्हणाला आई, टीडिअसमध्ये नुसता कंटाळा आहे, लाँगमध्ये कंटाळा पण आहे आणि हे माझ्या गळ्यात का मारलं हा राग पण आहे. तेरा वर्षांच्या पोराला दोन शब्दांतला एवढा बारीक फरक दिसला तो त्या रकान्यांमुळे, यादीवाल्या शाळेत हा प्रश्नच आला नसता. मग मला विचारलं, मराठीत काय म्हणतात. मी थोडा विचार केला आणि म्हटलं, लचांड. त्याला शब्द प्रचंड आवडला, दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघितला. आता त्याच्या वर्गातली तीन-चार पोरं होमवर्कला लचांड म्हणतात असं कळलंय, त्यातला एक पोलिश आहे आणि एक अस्सल नॉटिंगहॅमचा, तो 'लचांड, इनिट' म्हणतो. बघू, पुढच्या यादीत येतो का.